डॉनच्या लेकीचं नाव कसं ठेवायचं?

गुन्हेगारी कथेतला डॉन इटालियन असला की त्याची मुलगी हमखास मारिया, सोफिया नाहीतर इसाबेला असते. कानाला गोड वाटतं, वाचकही पुढे सरकतो. पण 1984 साली सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात, माफियाच्या जुन्या घराण्यात जन्मलेल्या थोरल्या मुलीचं नाव इसाबेला असेल, तर त्या घरात काहीतरी बिनसलं होतं हे तिथल्या शेजारणीला नाव ऐकताच कळेल. तशा घरात थोरलीचं नाव आवडीनं निवडत नसत. ते तिच्या जन्माआधीच, बहुधा तिच्या आईबापांच्या लग्नातच, ठरून गेलेलं असे.

ख्रिस्ती जगात मुलीचं नाव साधारण चार वाटांनी येतं: आजी, संत, जन्मदिवसाचा सण आणि सरकारी नोंदवही. देश बदलला की यांतलं कोण वरचढ ठरतं तेही बदलतं. हे सगळं कथालेखकाला कशाला हवं? उत्तर संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येतच आहे. डिसेंबर 2000 मध्ये पालेर्मोत संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर सह्या झाल्या, त्यात अशा टोळीचं वर्णन असं आहे: तीन किंवा अधिक माणसं, काही काळ टिकलेली रचना, आणि आर्थिक किंवा भौतिक लाभासाठी मिळून केलेले गंभीर गुन्हे, म्हणजे ज्यांची कमाल शिक्षा चार वर्षं कैद किंवा त्याहून जास्त आहे असे. यातलं ‘काही काळ टिकलेली’ हे महत्त्वाचं. एक बँक लुटून पांगणाऱ्या चौघांना वारस लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या टोळीला वारस लागतो, विश्वासाची सोयरीक लागते आणि मालमत्ता कुणाच्या तरी नावावर ठेवावी लागते. तिन्ही कामं घरातून होतात आणि तिन्हींत बायकांची नावं असतात.

आजीचा हक्क

दक्षिण इटलीचा जुना नियम असा: पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. दुसऱ्या मुलाला आईच्या बापाचं, दुसऱ्या मुलीला आईच्या आईचं. त्यानंतरच्या मुलांसाठी आत्या, मावश्या, काका आणि संत मोकळे. ग्रीसमध्ये आणि दक्षिण युरोपात इतरत्रही याच्या जवळपासचे नियम सापडतात.

आता हे प्रत्यक्ष मांडून बघू. आजी कार्मेला मारीनो म्हणून ओळखली जाते असं धरा आणि तिला तीन मुलगे आहेत. तिघांची थोरली मुलगी कार्मेलाच होणार. म्हणजे एका गावात, एका आडनावाच्या, पाचसात वर्षांच्या अंतरातल्या तीन कार्मेला. शिवाय आजी जिवंत. घरात त्यांना वेगळं ओळखायला एक मेलिना होते, एक कार्मेलिना, तिसरी नुसतीच मेला. बाहेर घराण्याची टोपणनावं चालतात. सिसिलीत गावोगावी अशी टोपणनावं आडनावापेक्षा जास्त कामाची असतात आणि ती बापाकडून मुलांकडे जातात. पोलिसांनी चोरून ऐकलेल्या फोनवर ‘कार्मेलाकडे दे’ एवढंच वाक्य आलं, तर तपास अधिकाऱ्यापुढे चार बायका उभ्या राहतात. कथेसाठी हा आयता पेच आहे, तोही कुठलाही योगायोग न घुसवता.

इथे एक चूक फार वेळा होते. इटलीत बाई लग्नानंतर कागदोपत्री माहेरचंच आडनाव वापरते. म्हणजे आरोपपत्रात बॉस आणि त्याची बायको यांची आडनावं वेगळी दिसतील. वर मांडलेली आजीही सासरी मारीनो म्हणून ओळखली जात असली तरी जन्मदाखल्यावर आणि ओळखपत्रावर तिचं आडनाव दुसरंच असणार. काही मराठी कादंबऱ्यांत ‘मिसेस’ लावून नवऱ्याचं आडनाव देतात, ते अमेरिकेत स्थायिक झालेल्या घराला शोभेल, इटलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या कालाब्रियातल्या नाही. तिथल्या सान लूका या गावातलं खरं प्रकरण बघा. 1991 च्या कार्निव्हलमध्ये अंडी फेकण्यावरून सुरू झालेलं भांडण निर्ता-स्त्रांजो आणि पेल्ले-व्होत्तारी या दोन गटांच्या वैरात बदललं. 2006 च्या नाताळात जी बाई मारली गेली ती निर्तांची सून. पण सगळ्या नोंदींत ती मारिया स्त्रांजो आहे. त्याचा सूड 15 ऑगस्ट 2007 रोजी जर्मनीतल्या ड्युसबर्गमध्ये घेतला गेला, सहा जण ठार झाले. गटांच्या जोडनावातच सोयरीक दिसते, आणि ती सोयरीक ज्या बाईमुळे आहे तिची ओळख माहेरच्या आडनावानं पटते.

नियम जितका पक्का तितकं तो मोडणं बोलकं. पहिल्या मुलीला बापाच्या आईऐवजी आईच्या आईचं नाव मिळालं, तर कारण असतंच: नवऱ्याचा सासरा जास्त ताकदवान आहे, किंवा नवऱ्यानं आपल्या घराशी संबंध तोडलेत, किंवा मधल्या काळात कुणीतरी गेलंय. हे शेवटचं कारण टोळीच्या कथेत सगळ्यात वजनदार. गरोदरपणात काका मारला गेला तर आजीचा हक्क मागे पडतो आणि बाळाला मेलेल्याचं नाव मिळतं. मुलगी झाली तर नावाचं स्त्रीरूप करतात: साल्व्हातोरेची साल्व्हात्रिचे, विन्चेन्त्सोची विन्चेन्त्सा, दोमेनिकोची दोमेनिका, कालोजेरोची कालोजेरा. अशी मुलगी पाळण्यातच खुनाचा हिशेब घेऊन येते. तिला हाक मारली की काकाची आठवण निघते, आणि वैर विझू पाहत असलं तरी ते नाव विझू देत नाही.

1970 नंतर हे सैल होत गेलं. दूरदर्शन आणि सिनेमातून जेसिका, सामान्था, डेबोरा ही नावं दक्षिणेतल्या खेड्यांपर्यंत पोचली. तेव्हा 1990 साली जन्मलेल्या पात्राला परदेशी नाव देता येतं. मात्र तिची आजी कोण आणि तिनं ते कसं खपवून घेतलं, हे लेखकाला ठाऊक असायला हवं.

मारिया म्हणायचं नाही, पण म्हणायचंच

कॅथलिक घरांत मारियेचं नाव इतकं सर्वत्र आहे की एकट्या ‘मारिया’नं माणूस ओळखूच येत नाही. त्यामुळे तिची बिरुदं, तिचे सण हीच नावं झाली. कोन्चेत्ता 8 डिसेंबरची, निष्कलंक गर्भधारणेच्या सणाची. ही शिकवण पोपनी 1854 मध्ये अधिकृत केली, पण दक्षिणेत भक्ती त्याआधीपासून होती. असुन्ता 15 ऑगस्टची, स्वर्गारोहणाची. ड्युसबर्गच्या खुनांची तारीख हीच, म्हणजे त्या दिवशी गावातल्या प्रत्येक असुन्ताच्या घरी नामदिनाची, म्हणजे तिच्या नावाच्या सणाची, मिठाई असणार. अन्नुन्त्सियाता, म्हणजेच नुन्त्सिया, 25 मार्चची. कार्मेला 16 जुलैची, अद्दोलोराता 15 सप्टेंबरची, रोझारिया 7 ऑक्टोबरची. जुन्या पिढीत वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा. घरी लोक न बोलावता येतात, त्यामुळे खबऱ्याला दारात शिरायला किंवा फरार बापाला लेकीला फोन करायचा मोह व्हायला याहून चांगला दिवस नाही.

यातल्या अन्नुन्त्सियाताकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. सिसिलीच्या कोझा नोस्त्रात, म्हणजे तिथल्या माफियात, नव्या माणसाला दीक्षा देताना बोटाला टोचून रक्त काढतात, ते एका पवित्र चित्रावर लावतात आणि चित्र हातात जाळत शपथ घ्यायला लावतात. फितुरांच्या जबान्यांत हे चित्र बहुधा अन्नुन्त्सियाता मातेचं असल्याचं येतं. कालाब्रियाच्या माफियात, न्द्रांगेतात, त्या जागी देवदूत मायकेल. बाईला मात्र कोझा नोस्त्रात ही दीक्षाच नाही. म्हणजे घरात नुन्त्सिया नावाची मुलगी आणि बापाच्या हातावर त्याच मातेच्या जळालेल्या चित्राची राख, हा विरोधाभास सिसिलीतल्या पात्राला लागू पडेल. कालाब्रियातल्या पात्राला तोच प्रसंग चिकटवला की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

संतांची नावं तर पत्त्यासारखी वाचता येतात. रोझालिया म्हणजे पालेर्मो: 1624 च्या प्लेगमध्ये तिच्या अस्थींची मिरवणूक काढली आणि साथ हटली अशी श्रद्धा, उत्सव जुलैच्या मध्यावर आणि 4 सप्टेंबरला. आगाता म्हणजे कातानिया, 5 फेब्रुवारी. लुचीया म्हणजे सिराकुझा, 13 डिसेंबर. लेत्तेरिया हे नाव ऐकलं तर डोळे मिटून मेस्सिना म्हणावं, कारण तिथल्या ‘पत्राच्या माते’चा सण 3 जूनला असतो आणि ते नाव दुसरीकडे फारसं कुणी ठेवत नाही. ओरोन्त्सा म्हणजे लेच्चे. कातानियाच्या टोळीतली आई मुलीचं नाव रोझालिया ठेवते तेव्हा ती पालेर्मोची माहेरवाशीण असावी असा तर्क निघतो.

आणि रीता. कास्चा या उंब्रियातल्या गावची संत रीता, सण 22 मे, संतपद 1900 मध्ये. तेव्हापासून हे नाव इटलीभर पसरलं. तिची कथा अशी: नवऱ्याचा वैरातून खून झाला, दोन मुलगे सूड घ्यायला निघाले, तेव्हा ‘त्यांच्या हातून खून होण्याआधी त्यांना ने’ अशी तिनं देवाला प्रार्थना केली आणि दोघं आजारानं गेले. अशक्य गोष्टींची संत म्हणून तिला भजतात. सिसिलीतल्या पार्तान्ना गावात 1974 साली जन्मलेल्या रीता आत्रियाचा बाप 1985 मध्ये आणि भाऊ निकोला 1991 मध्ये मारला गेला. भावजयीपाठोपाठ सतरा वर्षांची रीता पुढे आली आणि न्यायदंडाधिकारी पाओलो बोर्सेलिनो यांच्याकडे तिनं जबानी दिली. 19 जुलै 1992 रोजी बोर्सेलिनो बॉम्बस्फोटात मारले गेले, त्यानंतर आठवड्यानं, 26 जुलैला, रीतानं रोममध्ये जीव दिला. काल्पनिक पात्राचं नाव मुद्दाम इतकं जुळवून ठेवलं असतं तर संपादकानं ‘फार झालं’ म्हणून कापलं असतं. म्हणून आमचा सल्ला: नावाचा संत कोण ते लेखकानं शोधावं, पण पात्रांच्या तोंडी त्याची कथा घालू नये. तिथल्या माणसांना ती माहीतच असते, ते एकमेकांना सांगत बसत नाहीत.

बाप्तिस्मा, धर्ममाता आणि पाद्री

नाव पक्कं होतं ते बाप्तिस्म्याच्या वेळी. धर्मपिता आणि धर्ममाता कोण, याची नोंद चर्चच्या वहीत ठेवण्याचा आदेश कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं 1563 मध्ये दिला. पाद्रीनं नाव ख्रिस्ती आहे ना हे बघावं असा नियम 1917 च्या धर्मसंहितेत होता. नाव बसत नसेल तर त्याला संताचं नाव जोडून वहीत लिहायचं. 1983 च्या संहितेनं तो सैल केला: आता एवढंच की ख्रिस्ती भावनेला परकं नाव देऊ नये. त्यामुळे 1960 सालच्या पात्राची दोन नावं असू शकतात, एक सरकारी आणि एक वहीतलं.

टोळ्यांना खरा रस धर्मपित्यात. बाळाला हातात धरणारा माणूस आणि बाळाचा बाप यांच्यात जन्मभराचं नातं तयार होतं, दक्षिणेत ते रक्ताच्या नात्याइतकं मानतात. दोन टोळ्यांत तह झाला की एकाच्या मुलीला दुसऱ्यानं हातात धरायचं. लग्नाच्या वयाची वाट बघावी लागत नाही. हा गैरवापर चर्चला इतका खुपला की कातानियाच्या आर्चबिशपनी ऑक्टोबर 2021 पासून तीन वर्षांसाठी बाप्तिस्म्यात धर्मपिता-धर्ममाता नेमणंच बंद केलं. कथा 2022 मध्ये कातानियात घडत असेल आणि तुम्ही चर्चमध्ये झोकात धर्मपित्याचा प्रसंग रंगवला असेल, तर तो कापावा लागेल. पोप फ्रान्सिस यांनी 21 जून 2014 रोजी कालाब्रियात माफियांना बहिष्कृत म्हटलं, हेही विसरू नये. त्यानंतरचा पाद्री बॉसच्या घरी जेवायला बसतो तेव्हा तो उघड पक्ष घेत असतो.

सोळा अक्षरांत मुलगी

इटलीत प्रत्येकाला सोळा अक्षरी करसंकेत असतो. सुरुवात 1973 च्या सुमारास झाली. तपासाच्या कथेत तो सोन्यासारखा, कारण तो नावावरूनच बनतो. आपली थोरली कार्मेला घेऊ: कार्मेला मारीनो, जन्म पालेर्मो, 4 सप्टेंबर 1984. आडनावातली पहिली तीन व्यंजनं: एम-आर-एन. नावात चार किंवा जास्त व्यंजनं असतील तर पहिलं, तिसरं, चौथं घ्यायचं: सी-एम-एल. मग वर्ष 84. महिन्याला अक्षर असतं, सप्टेंबरचं पी. दिवस 4, पण बाईच्या दिवसात 40 मिळवतात, म्हणून 44. पालेर्मोचा संकेत जी-273. शेवटी एक तपासणी अक्षर. मोजा: तीन, तीन, दोन, एक, दोन, चार, एक; सोळा.

4 सप्टेंबर हा रोझालियाचा दिवस, म्हणून पाद्रीनं गळ घातली आणि घरच्यांनी नाव कार्मेला रोझालिया ठेवलं तरी संकेत बदलत नाही, कारण पहिली चार व्यंजनं कार्मेलातच भागतात. चुलत बहीण कार्मेला 1986 ची असेल तर तिचा संकेत फक्त वर्ष, महिना, दिवस आणि तपासणी अक्षरात वेगळा पडेल. घाईत असलेला कारकून इथेच फसतो, आणि फरारी माणूसही हेच बघून ओळख उसनी घेतो. कथेत खोटं ओळखपत्र उघडकीस आणायचं असेल तर चाळीसची बेरीज विसरलेला बनावटकार दाखवा. एका ओळीत काम होतं.

कायद्याच्या आणखी दोनतीन अटी. 2000 सालच्या नागरी नोंदणी आदेशाच्या चौतिसाव्या कलमानुसार जिवंत बापाचं किंवा जिवंत भावंडाचं नाव बाळाला देता येत नाही, आडनाव हे नाव म्हणून चालत नाही आणि हास्यास्पद वा लाजिरवाणी नावं चालत नाहीत. आजोबांचं नाव चालतं, म्हणूनच एक पिढी सोडून तीच नावं येत राहतात.

मालमत्तेचा मुद्दा इथेच येतो. सप्टेंबर 1982 मध्ये, माफियाविरुद्ध पालेर्मोत नेमलेले जनरल दल्ला किएसा यांच्या खुनानंतर दहाच दिवसांत, इटलीनं माफियासंघटनेचं सदस्यत्व हाच गुन्हा ठरवला आणि बेहिशेबी मालमत्ता जप्त करण्याचे अधिकार दिले. त्यानंतर दुकान, ट्रक, जमीन नावावर घ्यायला बिनगुन्ह्याचा माणूस लागू लागला. बायको, सासू, लेक, विधवा काकू अशी नावं उधार घेतली जातात. बायको, सासू, काकू यांचं माहेरचं आडनाव कायम राहत असल्यानं ते पहिल्या नजरेत बॉसशी जुळत नाही. थोरल्या कार्मेलाला अठरा पूर्ण होताच नोटरीकडे सही करायला का नेलं, याचं उत्तर या परिच्छेदात आहे.

‘आ’कारान्त म्हणजे बाई, हा गैरसमज

मराठी कानाला ‘आ’नं संपणारं परदेशी नाव बाईचं वाटतं. इटलीत आन्द्रेया, निकोला, लूका, मात्तिया, एलिया हे पुरुष. वर आलेला निकोला हा रीताचा भाऊ. मुलीचं नाव आन्द्रेया ठेवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये संमती दिली, तोवर नोंदणीत अडचण येई. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत मात्र आन्द्रेआ बाईच. उलटही आहे: रोसारियो, कोन्सुएलो, आम्पारो ही स्पॅनिश नावं ‘ओ’नं संपतात आणि बायकांची असतात, पण सिसिलीतला रोझारियो पुरुष. नीनो हा इटलीत आन्तोनिनोचा लाडका नीनो, जॉर्जियात मात्र राष्ट्रसंत नीनोवरून ठेवलेलं अस्सल मुलीचं नाव. सिसिली आणि जॉर्जिया दोन्हीकडच्या टोळ्या एका कथेत आणल्या तर दोन नीनोंचा घोळ करून घेऊ नका, किंवा मुद्दाम करा.

मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील

स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं, आणि बाई लग्नानं ती बदलत नाही. ‘एल चापो’ म्हणून गाजलेला मेक्सिकन अमली पदार्थ टोळीप्रमुख होआकीन गुस्मान लोएरा हा गुस्मान. त्याला ‘लोएरा’ म्हणणं म्हणजे आजोळच्या नावानं पुकारणं. त्याची मुलं गुस्मान सालासार आणि गुस्मान लोपेस अशा दोन जोड्यांत बातम्यांतून येतात, कारण आया वेगळ्या. कोणाची बाजू कुठली हे दुसऱ्या आडनावावरून कळतं. सावत्र बहिणींची कथा लिहिताना हे फुकटात मिळालेलं हत्यार आहे.

मारिया ग्वादालुपे हे नाव मेक्सिकोत 12 डिसेंबरच्या मातेवरून. हाक ‘लुपे’ किंवा ‘लुपिता’. ग्वादालुपे पुरुषालाही लावतात, होसे ग्वादालुपे असं. दोलोरेसची लोला, कोन्सेप्सियोनची कोंचा, कोन्सुएलोची चेलो. मारिया आणि होसे इतके उदंड की मेक्सिकोच्या अठरा अक्षरी नागरिक संकेतात जोडनावातलं पहिलं नाव मारिया किंवा होसे असेल तर ते वगळून दुसरं नाव धरतात. सरकारनंच मान्य केलेली गोष्ट: मारिया म्हटल्यानं काही कळत नाही.

कोलंबियातली ग्रिसेल्दा ब्लांको मात्र वेगळी. तिचं नाव संताचं नाही. मध्ययुगीन युरोपीय कथांतल्या, नवऱ्याचा सगळा छळ निमूट सोसणाऱ्या ग्रिसेल्दाचं ते नाव. कोकेनच्या व्यापारातली ही बाई निमूट सोसणारी खासच नव्हती. 2012 मध्ये मेदेयिनमध्ये तिला गोळ्या घातल्या. तिनं धाकट्या मुलाचं नाव ‘द गॉडफादर’मधल्या पात्रावरून मायकेल कोर्लिओने ठेवलं होतं. संत, आजी, सण या सगळ्यांना मागे सारून सिनेमा पुढे आला. लेखक वास्तवातून नावं उचलतात हे ठीक, पण वास्तवही कथांतून उचलतं.

ब्राझीलमध्ये आपारेसिदा: 1717 मध्ये नदीत मच्छीमारांना सापडलेल्या मूर्तीवरून, सण 12 ऑक्टोबर, हाक ‘सीदा’. साठीतली सीदा कॅथलिक असणार हे जवळपास धरून चालावं. तिची नात सारा, राकेल, एस्तेर किंवा रेबेका असेल तर मधल्या काळात घर इव्हँजेलिकल पंथाकडे गेलं असण्याची शक्यता मोठी. या पंथात संत नाहीत, जुन्या करारातली नावं आहेत. रिओत एका टोळीनं ताब्यातल्या वस्त्यांना ‘इस्रायल’ नाव दिलं आहे. तिथल्या कथेत आपारेसिदाचा उत्सव धूमधडाक्यात दाखवलात तर पाठ चुकला.

पूर्वेकडे

रशियन मुलीला बापाचं नाव चुकवता येत नाही. इव्हानची मुलगी इव्हानोव्हना, औपचारिक हाक नाव आणि पितृनाम अशी. आडनावही स्त्रीरूप घेतं: पेत्रोव्हची पेत्रोव्हा. ‘इरिना पेत्रोव्ह’ ही मराठी पुस्तकांतली नेहमीची चूक. सोव्हिएत तुरुंगांतून वर आलेल्या गुन्हेगारी म्होरक्यांच्या, म्हणजे जुन्या ‘कायद्यातल्या चोरां’च्या, संहितेत लग्न आणि संसार निषिद्ध होता, म्हणजे अशा चोराची मुलगी प्रत्येक सहीबरोबर बापाचा नियमभंग जाहीर करते. स्वेतलाना हे नाव चर्चच्या जुन्या यादीत नव्हतं, म्हणून बाप्तिस्म्यात तिला फोतिनिया म्हणतात. तिच्यासाठी मेणबत्ती लावताना दुसरंच नाव घेतलं जातं. सोव्हिएत काळातली निनेल मात्र ओळखायला सोपी: लेनिन उलटा वाचा.

जॉर्जियन आडनावं, -श्विली आणि -द्झे यांनी संपणारी, स्त्रीरूप घेत नाहीत. तिथल्या मुलींत नीनो, तामार, केतेवान. केतेवान ही 1624 मध्ये शिराझला हुतात्मा झालेली राणी. तिच्या अस्थी जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये सापडल्या आणि 2021 मध्ये भारतानं त्यांचा भाग जॉर्जियाला दिला. आणखी एक कामाची गोष्ट: ‘कायद्यातला चोर’ असणं हाच जॉर्जियात डिसेंबर 2005 पासून गुन्हा आहे, आणि चोराच्या संहितेनुसार ती ओळख नाकारता येत नाही. चौकशीची खोली आणि एकच प्रश्न, प्रसंग तयार.

अल्बेनियात जन्मसाल आधी बघा. 1967 मध्ये धर्म बंद, 1975 मध्ये ‘अयोग्य’ नावं बदलण्याचा हुकूम. त्यामुळे 1980 मधल्या कॅथलिक घरातल्या मुलीचं कागदावरचं नाव मारिया नसेल. तेउता, द्रिता, मिमोझा यांपैकी काही असेल.

नायजेरियाच्या बेनिन सिटीतून इटलीत मुलींची तस्करी होते, आणि या विषयावरच्या कथेत नावांचा सगळ्यात क्रूर भाग आहे. बापानं ठेवलेलं एडो भाषेतलं नाव एक, चर्चमधलं ब्लेसिंग, जॉय, फेथ किंवा पेशन्स दुसरं, आणि रस्त्यावर उभं केल्यावर ‘मॅडम’नं, म्हणजे मुलींना धंद्याला लावणाऱ्या बाईनं, दिलेलं तिसरं, पोलिसांना सांगायला चौथंही पढवलेलं. कर्ज फेडेपर्यंत तोंड उघडणार नाही अशी शपथ देवस्थानात घ्यायला लावतात, रविवारी चर्चला जाणाऱ्या मुलीलाही. मार्च 2018 मध्ये बेनिनचे ओबा, म्हणजे पारंपरिक राजे, एवुआरे दुसरे यांनी या शपथा रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि तस्करांना शाप दिला. त्याआधीची आणि नंतरची जबानी सारखी लिहू नये. आणि अशा पात्राला निवेदनात कोणत्या नावानं बोलवायचं हे पहिल्याच पानावर ठरवून टाका. मध्येच बदललंत तर ते कुणीतरी बदललं म्हणून बदललेलं असावं.

उच्चार आणि शेवटची तपासणी

इटालियन ‘सी’ पुढे इ-ए आला की ‘च’: कोन्चेत्ता, लुचीया, विन्चेन्त्सा. तेच नाव स्पॅनिशमध्ये लुसीया. मिकेले हा पुरुष आणि त्यात ‘क’ आहे, मिशेल नव्हे. स्पॅनिश ‘जे’ म्हणजे ‘ह’: हेसूस, होसे. अमेरिकेत गेलेल्या घरात कोन्चेत्ताची कॉनी होते, असुन्ताची सू. हे बदल शाळा, शेजार आणि मालकानं घडवले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी होई, अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही दंतकथा आहे, ते जहाजाच्या यादीवरूनच वाचत.

नाव ठरलं की ते पूर्ण, आडनाव आणि गावासकट, त्या देशाच्या भाषेत लिहून शोधा. त्याच गावात त्याच नावाची खरी बाई निघाली तर आडनाव बदला, आणि नवं घेताना त्या प्रदेशातल्या सर्वांत सामान्य आडनावांतून घ्या. गाजलेल्या टोळीघराण्याचं आडनाव वापरू नका. ते लावणारी शेकडो माणसं टोळीशी काडीचा संबंध नसलेली असतात. आडनाव बदललं की करसंकेताची पहिली तीन अक्षरं आणि तपासणी अक्षर, दोन्ही पुन्हा काढावे लागतात.